फोटो नको, मजकूर पाठवा

दृष्टी गेली की आजूबाजूची माणसं आपल्या काळजीला लागतात. माझ्यासाठी आमच्या सेलूतल्या नातेवाइकांनी आणि ओळखीपाळखीच्या लोकांनी मिळून काही रस्ते शोधले होते. बँकेची परीक्षा दे, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स कर, गाणं शिक, नाहीतर ब्रेल शिकून शाळेत लाग. सगळे पोटतिडकीने सांगत होते आणि यातलं एकही काम हलकं नाही. पण मी पुण्यात हिंजवडीला जावामध्ये प्रोग्राम लिहीत होते, चांगले लिहीत होते, आणि त्या कामाचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. डोळ्यांबरोबर ते कामही गेलं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. प्रशिक्षणाची चौकशी केली तिथंही तीच तऱ्हा. आधी टायपिंग, मग वर्ड, मग एक्सेल. टायपिंग मला येत होतं. येत नव्हतं ते ऐकणं.

आधी प्रोग्रामर असलेली, मधेच दृष्टी गमावलेली आणि पुन्हा त्याच कामावर यायचं ठरवलेली माणसं कमी नाहीत. त्यांना काय साहित्य लागतं, ते कुठं मिळतं आणि कुठं अडतं, हे मला सांगायचं आहे. अशा माणसाला प्रोग्रामिंग पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. लूप काय असतो, डेटाबेसमध्ये माहिती कशी बसते, चूक शोधायला कुठून सुरुवात करायची, हे सगळं डोक्यात शाबूत असतं. त्याला कानाने काम करायची रीत हवी असते, आणि मधल्या वर्षांत बदललेलं तंत्रज्ञान ऐकता येईल अशा मजकुरात हवं असतं. आपल्याकडची जवळजवळ सगळी व्यवस्था नवशिक्यासाठी उभी आहे. परत येणाऱ्याचा विचार तिच्यात कुठंच नाही.

माझ्या आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. बाबांनी मामाची मुलगी केली. आमच्या भागात ते सर्रास चालतं. या आजाराचे काही प्रकार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच मुलांत उतरतात, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या, समोरचा एक ठिपका तेवढा उरला. त्या काळात मी पडद्यावरचा एक शब्द स्वच्छ वाचायची, पण पुढचा शब्द गाठायला मान हलवावी लागायची. कायद्याने मी तेव्हाच अंध होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र दहा अंशांपेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अंध धरली जाते, मग समोरचं अक्षर कितीही नीट वाचता येवो. हे लोकांना माहीत नसतं. एखादी बाई पर्समधून पैसे मोजून देते आणि पायरीला मात्र अडखळते, तेव्हा ती नाटक करते असं त्यांना वाटतं. पुढे तो ठिपकाही गेला आणि मी नोकरी सोडून सेलूला माहेरी आले.

प्रोग्राम म्हणजे मजकूर. बाहेरून पाहणाऱ्याला सॉफ्टवेअर म्हणजे रंगीत पडदे वाटतात. पण त्यामागे जे लिहिलेलं असतं ती अक्षरं, आकडे आणि चिन्हं असतात, ओळीखाली ओळ. मजकूर असेल तर तो बोलून दाखवता येतो. हे काम स्क्रीन रीडर करतो. पडद्यावरचा मजकूर तो कृत्रिम आवाजात वाचतो आणि माऊसला हात न लावता सगळा कारभार कीबोर्डवर चालतो. यातलं जुनं आणि मोठं नाव म्हणजे 'जॉज'. तो उभा करणारे टेड हेंटर मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणारे गडी. १९७८ साली मोटार अपघातात त्यांचे डोळे गेले. मग ते संगणक शिकले, प्रोग्रामर झाले, आणि १९८९ साली डॉसवर चालणारा जॉज त्यांच्या कंपनीने आणला. म्हणजे ऐन उमेदीत दृष्टी गेलेल्या माणसाने, प्रोग्रामर होऊन, आपल्यासारख्यांसाठी हे हत्यार घडवलं. मला बँकेची परीक्षा सुचवणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

जॉज उत्तम आहे, पण त्याचा परवाना सेलू-मानवतच्या घरांना परवडणारा नाही. आमच्यासाठी दार उघडलं ते एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने ते लिहायला घेतलं आणि जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. विंडोजच्या संगणकावर ते फुकट उतरवून घेता येतं, पेनड्राइव्हवरूनही चालवता येतं. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजाला मराठीही वाचता येतं. मराठी बातमी असो वा इंग्रजी कोड, हेडफोन लावला की झालं.

मात्र बातमी ऐकणं वेगळं आणि कोड ऐकणं वेगळं. बातमीतला स्वल्पविराम कानावर पडला नाही तरी काही बिघडत नाही. जावामध्ये एक अर्धविराम राहिला तर प्रोग्राम चालत नाही. म्हणून परतणाऱ्याने सगळ्यात आधी चिन्हांची पातळी वाढवायची. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट धरून पी दाबत गेलं की ती बदलते. नेहमीच्या पातळीवर बरीच चिन्हं गिळली जातात. 'ऑल'वर प्रत्येकाचं नाव घेतलं जातं. समजा, विद्यार्थ्याला पस्तीस किंवा त्याहून जास्त गुण असतील तर अमुक करा, अशी एक ओळ आहे. मला ती अशी ऐकू येते: 'इफ लेफ्ट पॅरेन मार्क्स ग्रेटर इक्वल्स थर्टी फाइव्ह राइट पॅरेन लेफ्ट ब्रेस.' वाचायला हे लांबलचक वाटतं. पण आपण गप्पा मारताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो आणि सरावलेले कान तीनशे-चारशे शब्द सहज झेलतात. त्यासाठी आवाजही मुद्दाम कोरडा, यांत्रिक निवडायचा. गोड माणसासारखे आवाज वेग वाढवला की एकमेकांत चिकटतात. ई-स्पीकचा शब्द वेगातही सुटा राहतो. सुरुवातीला कान दुखतात, डोकं भणभणतं. वेग रोज थोडाथोडा वाढवायचा, एकदम नाही.

लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड मी शून्यावर ठेवते, वीज गेली तर बॅटरी जास्त वेळ पुरते. सेलूत मे महिन्यात वीज जातेच. आई सुरुवातीला दारातून विचारायची, "बंद मशिनीवर काय बडवायलीस गं?" आता ती आलेल्या पाहुण्यांना स्वतःच समजावून सांगते.

पायथनकडे वळणाऱ्याला आणखी एक अडचण येते. त्या भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. कोणती ओळ कुणाच्या पोटात आहे ते त्या जागेवरून ठरतं. डोळसाला ते एका नजरेत दिसतं, आणि स्क्रीन रीडर मात्र मोकळी जागा ओलांडून थेट पहिल्या शब्दावर जातो. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या आत लाइन इंडेंटेशन म्हणून एक पर्याय आहे. तो मुळात बंद असतो. चालू केला की ओळीआधी 'फोर स्पेस', 'एट स्पेस' असं ऐकू येतं; शब्द नको असतील तर स्वर निवडता येतो. ओळ जितकी आत, स्वर तितका वरचा. पेटीच्या पट्ट्यांवर बोटं चढत-उतरत जावीत तसा त्या प्रोग्रामचा आकार कानाला कळतो. हा एक पर्याय कुणी दाखवला नाही म्हणून पायथन आपल्यासाठी नाहीच असं ठरवून बसलेली माणसं मला भेटली आहेत. हुशार माणसं. त्यांचं अडलं होतं ते एवढ्या एका सेटिंगवर.

कानाची स्वतःची ताकदही आहे. इंग्रजी लहान एल आणि आकडा एक, मोठा ओ आणि शून्य, यांत डोळसांची गफलत होते. अक्षर-अक्षर ऐकणाऱ्याची होत नाही. 'लेंग्थ'चं स्पेलिंग उलटंपालटं पडलं तर आवाज असा काही वेडावाकडा उच्चार करतो की चूक लगेच पकडली जाते. उलट ज्या शब्दांचे उच्चार सारखे आणि स्पेलिंग वेगळं, तिथं कान फसतो. 'राइट' म्हणजे लिहिणे आणि 'राइट' म्हणजे उजवा, दोन्ही सारखेच ऐकू येतात. अशा जागी अक्षरं सुटी करून ऐकायची सवय लावून घ्यावी लागते.

नुसत्या कानाला जे मिळत नाही ते म्हणजे एका नजरेतला आढावा. हजार ओळींची फाइल पहिल्यापासून ऐकत बसलं तर दिवस जाईल. इथं एडिटर मदतीला येतो. मी मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरते, तोही फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की फाइलमधल्या सगळ्या फंक्शनांची यादी येते आणि बाणाने हवं तिथं उतरता येतं. एफ ८ दाबलं की पुढच्या चुकीवर. चूक असलेल्या ओळीवर आलं की बारीकसा आवाज होतो, म्हणजे ओळ पूर्ण ऐकायच्या आधीच कान टवकारतात. ऑल्ट आणि एफ १ दाबलं तर खास स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठीची मदत उघडते. माझ्या मते परतणाऱ्यासाठी सगळ्यात कामाचं पान तेच, आणि ते एडिटरच्या आतच असतं.

या सगळ्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न मुळापासून सोडवणारा माणूस आपल्या पुण्याचा आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल. १९९४ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या पीएचडीचा विषय होता गणिती मजकूर ऐकवणारी प्रणाली, आणि त्या प्रबंधाला अमेरिकेतल्या एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली त्यांनी ईमॅकस्पीक सर्वांसाठी खुलं केलं. ईमॅक्स हा प्रोग्रामर मंडळींचा जुना एडिटर. रामन यांनी त्याला वाचा दिली. पुढे ते गूगलमध्ये गेले, आणि आज अँड्रॉइड फोन बोलतात त्यामागच्या सुरुवातीच्या कामात त्यांचा वाटा आहे.

रामन यांनी केलेली एक फोड मी परत शिकताना सतत मनाशी धरली. पडद्यावर काय दिसतं ते वाचून दाखवणं ही एक गोष्ट, आणि त्या दिसण्यामागची माहिती सांगणं ही दुसरी. कॅलेंडर घ्या. पडदा वाचणारा आवाज आडव्या रांगेतले आकडे म्हणत सुटतो. ऐकणाऱ्याला हवं असतं 'आज बुधवार, अमुक तारीख'. ईमॅकस्पीकमध्ये कोडसुद्धा असाच बोलतो. भाषेचे राखीव शब्द एका आवाजात, टिपा दुसऱ्या आवाजात, अवतरणातला मजकूर तिसऱ्या. डोळसांना एडिटर जे रंग दाखवतो त्यांचं काम इथं आवाज करतात. शिकण्याचं साहित्य तयार करणाऱ्या प्रत्येकाने ही फोड लक्षात घ्यावी. आकृतीखाली 'वरील आकृती पहा' एवढंच लिहिलं तर माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही. आकृतीतून विद्यार्थ्याला काय कळायला हवं ते दोन वाक्यांत लिहिलं तर सगळं पोचतं.

आता मधल्या वर्षांचं काय? मी काम सोडलं तेव्हा आमच्याकडं जावा ८ चालत होतं, २०१४ सालचं. परत वळले तेव्हा २०२१चं १७ आणि २०२३चं २१ येऊन गेलं होतं. अशा वेळी जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून उघडण्यात अर्थ नसतो, निम्मं आपल्याला येतच असतं. मला उपयोगी पडली ती जेईपी नावाची टिपणं. जावामध्ये मोठा बदल करायचा तर तो करणारे आधी एक टिपण लिहितात: काय बदलायचं आहे, का, आधी कसं लिहावं लागायचं, आता कसं लिहाल. सगळा साधा मजकूर आणि नीट मथळे. ब्राउझरमध्ये एच दाबलं की एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाता येतं, म्हणून नको ते टाळून नेमकं हवं तेवढंच ऐकता येतं.

त्यातलं रेकॉर्डचं टिपण ऐकताना मला खरंच भरून आलं. पूर्वी जावामध्ये विद्यार्थ्याचं नाव, गाव आणि गुण एवढंच ठेवायचं असलं तरी त्याचा क्लास लिहावा लागे, प्रत्येक गोष्ट भरायला आणि काढायला वेगळी फंक्शनं, दोन विद्यार्थी सारखे आहेत का ते तपासायला आणखी एक. डोळस माणूस त्या ओळींवरून नजर सरकवून पुढे जातो. मला त्या ऐकाव्या लागत. २०२१च्या जावा १६मध्ये रेकॉर्ड कायम झालं आणि तेवढं सगळं एका ओळीत मावू लागलं. ही सोय अंधांसाठी केलेली नाही. पण कमी ओळी म्हणजे कमी ऐकणं, आणि जुन्या कोडमध्ये रेकॉर्ड कुठं बसवता येईल हे शोधताना मी नवं जावा जितकं शिकले तितकं कुठल्या कोर्सातून शिकले नसते.

वेबचं काम करायचं असेल तर मोझिलाचे एमडीएन दस्तऐवज आहेत, सगळे मजकुरात, उत्तम रचलेले. फ्रीकोडकॅम्पचे धडे फुकट आहेत आणि बहुतेक वाचून-लिहूनच करायचे असतात. पायथन शिकायचं असेल तर एनव्हीडीए स्वतःच मोठं पाठ्यपुस्तक आहे. ते बरंचसं पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. इतकंच काय, एनव्हीडीए चालू असताना इन्सर्ट, कंट्रोल आणि झेड एकत्र दाबलं की त्याच्या आतच पायथनची खिडकी उघडते. दोन अधिक दोन लिहून एंटर दाबा, 'फोर' ऐकू येतं. आपल्याशी दिवसभर बोलणारा आवाज कोणत्या ओळींतून येतो ते तिथून चाचपडत जाणता येतं. अंध माणसाने अंध माणसांसाठी लिहिलेला, जगभर रोज वापरला जाणारा प्रोग्राम वाचत शिकण्यासारखं दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

व्हिडिओंचं दुखणं मात्र मोठं आहे. आज आपल्याकडची पोरं प्रोग्रामिंग शिकतात ती व्हिडिओवरून. शिकवणारा म्हणतो, "आता इथं हे असं टाका, मग याला इकडं घ्या, आणि बघा, आलं." काय टाकलं, कुठं घेतलं आणि काय आलं, तिन्ही मला कळत नाही. त्याला सुनावण्यासारखं यात काही नाही, त्याच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी आहे तो डोळसच. म्हणून आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं मला मोल वाटतं. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, त्यांतले बरेच मराठीत. विद्यार्थ्याने ऐकत-ऐकत शेजारी स्वतःच्या संगणकावर तेच करत जायचं, अशी त्यांची रचना आहे. म्हणून काय टाइप करायचं ते निवेदक तोंडाने सांगतो, आणि प्रत्येक पाठाची संहिता मजकुरात मिळते. अंधांसाठी म्हणून हा प्रकल्प सुरू झालेला नाही. पण गावाकडच्या, शिक्षक नसलेल्या मुलाचा विचार केल्यामुळे तो आमच्याही हाताशी आला.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. एकदा रात्री त्याने फोनवर लॅपटॉपचा फोटो धाडला. "आत्या, बघ ना, कुठं चुकतंय. सकाळी सबमिशन आहे." फोटोतली अक्षरं ओळखायची सोय एनव्हीडीएत आहे, इन्सर्ट आणि आर. पण कोडचा फोटो म्हणजे सगळा खिचडा होतो. कंसाचा एल होतो, मोकळ्या जागा उडतात, आणि पायथनमध्ये मोकळी जागा गेली की सगळंच गेलं. मी म्हटलं, "फोटो नको रे, मजकूर पाठव." त्याने पाठवला. ऐकायला लागले. 'फोर स्पेस', 'एट स्पेस', पुन्हा 'फोर स्पेस', आणि मधेच एका ओळीला 'टॅब'. त्याला पडद्यावर चूक झाल्याचं सांगितलं जात होतं, पण टॅब आणि चार स्पेस दिसायला सारखेच, म्हणून तो त्या ओळीवरून तासभर पुढे-मागे जात राहिला होता. ती ओळ बदलली आणि प्रोग्राम चालला. तेव्हापासून त्याच्या वर्गातली चार पोरं मला कोड पाठवतात, आणि सगळी मजकुरात पाठवतात. प्राध्यापक मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे: प्रयोगाच्या वहीतला कोड स्क्रीनशॉट म्हणून चिकटवू नका. तुमच्या वर्गात आज अंध विद्यार्थी नसेल. पण ती फाइल पुढे कुणाच्या हाती पडेल ते तुम्हाला सांगता येणार नाही.

आकृत्यांवर एक चांगला तोडगा निघाला आहे. मरमेड आणि प्लांटयूएमएल यांत आकृती शब्दांत लिहायची असते: ग्राहकाकडून बाण ऑर्डरकडे, ऑर्डरकडून बाण बिलाकडे. संगणक त्यावरून चित्र काढतो. टीममधल्यांना मी तो मूळ मजकूरच मागते. त्यांना चित्र मिळतं, मला आकृतीचं सार मिळतं, आणि दोघंही त्यात बदल करू शकतो. जिथं चित्राशिवाय काहीच नसतं तिथं सीइंग एआय किंवा बी माय आइज यांसारखी फोनवरची साधनं वर्णन करून सांगतात. त्यांच्यावर मी अर्धाच भरवसा ठेवते. नसलेला बाणही ती ठासून सांगतात. कोडचं तसं नसतं, चालवून पाहिला की खरं-खोटं कळतं.

पुस्तकांच्या बाबतीत भारताने एक मोठं पाऊल सगळ्यांच्या आधी टाकलं होतं. अंधांसाठी पुस्तकांची वाचता येण्याजोगी प्रत काढायला प्रकाशकाची परवानगी लागू नये, म्हणून २०१३ साली माराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. आपल्या कॉपीराइट कायद्यात तर २०१२ सालीच तशी दुरुस्ती झाली होती. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. कथा-कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षा यांसाठी ते वरदान आहे. प्रोग्रामिंगच्या पुस्तकात मात्र अडचण वेगळी. कागदावरून स्कॅन केलं की कोडच्या ओळी मोडतात. म्हणून या विषयात प्रकाशकाकडूनच ईपब, म्हणजे मजकुरातलं ई-पुस्तक, मागावं. मागितलं तर पुष्कळदा मिळतं.

काम मिळवताना काय होतं तेही सांगते. एका कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा उमेदवाराच्या नजरेवर पाळत ठेवत होता. नजर पडद्यावर नाही म्हणून माझी परीक्षा मधेच बंद झाली. दुसऱ्या ठिकाणी उत्तरं माऊसने उचलून चौकटीत टाकायची होती. दोन्हीकडे मला प्रोग्राम लिहिता येतो का, हा प्रश्न आलाच नाही. कायदा आमच्या बाजूने आहे. २०१६च्या कायद्यातलं कलम ४२ माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असं सांगतं, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. ते प्रकरण बँका-मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन ओळख तपासणीचं होतं. डोळे मिचकावून दाखवा, असं तिथं कॅमेरा सांगतो. नोकरीच्या परीक्षेतला कॅमेराही त्याच जातीचा आहे. मला काम मिळालं ते पुण्यातल्या एका लहान कंपनीत. तिथं मुलाखतीत त्यांनी फोनवर अडचण सांगितली आणि कोड लिहून ईमेलने पाठवायला सांगितला. आज मी सेलूतून त्यांचं सर्व्हरकडचं काम करते.

आमच्या परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात एका संगणकावर एनव्हीडीए टाकून, चिन्हांची पातळी आणि लाइन इंडेंटेशन लावून ठेवायला पैसे लागत नाहीत. एक हेडफोन आणि थोडा वेळ लागतो. जिंतूर, पालम, गंगाखेडकडून पुण्या-मुंबईच्या केंद्रात जाऊन राहणं ज्यांना जमत नाही त्यांना निदान पहिली ओळख तिथं होईल. ते होईल तेव्हा होईल. मी आपली फोनवर मराठीत लहान-लहान रेकॉर्डिंग करते, एका वेळी एकच गोष्ट, आणि बोललेलं सगळं खाली मजकुरातही देते. आमच्या जिल्ह्यातली, दृष्टी गेलेली पण पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये काम केलेली काही माणसं ती ऐकतात. एकजण आधी टेस्टिंग करायचे, आता पायथनमध्ये चाचण्या लिहितात. "ताई, गिटचं कधी करताय?" म्हणून त्यांचा तगादा आहे, कारण टीमबरोबर काम करायचं तर सगळ्यांनी कोडमध्ये केलेले बदल सांभाळून एकत्र आणणारं गिट आलंच.

गिट आमच्यासाठी सोपं आहे, आदेश टाइप करायचे आणि उत्तर मजकुरात येतं. घोळ होतो तो दोघांनी एकच ओळ बदलल्यावर. तेव्हा फाइलमध्ये दोन्ही बाजू एकाखाली एक येतात आणि त्यांच्या सीमेवर 'लहान'चं चिन्ह सात वेळा, मधे 'बरोबर'चं चिन्ह सात वेळा, शेवटी 'मोठा'चं चिन्ह सात वेळा. चिन्हांची पातळी खाली असेल तर या सीमा कानावरच पडत नाहीत आणि आपली ओळ कुठं संपली, समोरच्याची कुठं सुरू झाली ते कळत नाही. 'ऑल'वर असेल तर 'सेव्हन लेस' ऐकू येतं, तिथून आपली बाजू सुरू. 'सेव्हन इक्वल्स'नंतर समोरच्याची. 'सेव्हन ग्रेटर'ला संपली. पुढचं रेकॉर्डिंग एवढ्यावरच आहे. सोबत सरावासाठी एक फाइल देणार आहे, तिच्यात मुद्दाम तीन ठिकाणी असा घोळ घालून ठेवला आहे.